सत्तर हजार म्हणजे किती?

२००९ च्या फेब्रुवारीत कोलंबोचे सरकार जगाला सांगत होते की वन्नीत, म्हणजे श्रीलंकेच्या उत्तरेकडच्या ज्या पट्ट्यात सैन्याने लिट्टेला कोंडीत पकडले होते तिथे, सत्तर हजारांच्या आसपास सामान्य माणसे आहेत. मे महिन्याच्या १८ तारखेला युद्ध संपले. जुलैतल्या संयुक्त राष्ट्रांच्या नोंदीप्रमाणे त्या पट्ट्यातून बाहेर पडून सरकारी ताब्यात आलेली माणसे होती २,८२,३८०. सत्तर हजारांतून मेलेले वजा करायचे आणि उरायचे पावणेतीन लाखांहून जास्त! चौथीतल्या पोराने असे उत्तर लिहिले असते तर मास्तरांनी पाटी डोक्यात घातली असती. इथे ते एका सार्वभौम राज्याने लिहिले, आणि जगाने, त्यात आपण भारतीय आलोच, त्यावर बरोबरची खूण केली.

ही कारकुनी चूक होती असे मानायला मी तयार नाही. लिट्टेच्या ताब्यातल्या मुलखातही शाळा, दवाखाने, रेशन हे सारे कोलंबोच्याच पैशाने चालत असे, ही या युद्धातली एक चमत्कारिक गोष्ट. जिल्हा प्रशासनातले तमिळ अधिकारी सरकारचे पगारी नोकर होते आणि लढाईच्या ऐन भरात त्या पट्ट्यातच लोकांबरोबर होते. सप्टेंबर २००८ मध्ये सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांना किळिनोच्चीतून निघून जायला लावले. त्यानंतर आत काय चालले आहे ते सांगू शकणारे मुख्यतः हे अधिकारी आणि काही सरकारी डॉक्टर. मुल्लैतीवूच्या प्रशासनाने फेब्रुवारीत वर कळवले की इथे तीन लाख तीस हजार माणसे आहेत. कोलंबोहून उत्तर आले की हे आकडे मनमानी आणि निराधार आहेत, आणि असे आकडे कळवल्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. म्हणजे मोजणारा होता, मोजणी झाली होती, ती सरकारच्या टेबलावर पोचली होती. नंतर सरकारने दुसरा आकडा निवडला.

का निवडला, हे समजायला गोदामाच्या दारात उभे राहावे लागेल. माणसे सत्तर हजार म्हटली की धान्य सत्तर हजारांचे जाते. औषधे तेवढ्यांचीच. आत असलेल्या दर चार-पाच तोंडांमागे एकाचाच घास मंजूर होतो, आणि उरलेल्यांच्या उपासमारीची जबाबदारी कुणाचीच राहत नाही, कारण कागदावर ती माणसे नाहीतच. डॉक्टरांनी भुलीची औषधे, रक्ताच्या पिशव्या मागितल्या. त्या आल्या नाहीत किंवा नावापुरत्या आल्या. हातपाय कापण्याच्या शस्त्रक्रिया भूल न देता झाल्या. एप्रिलपर्यंत दुधाची भुकटी मिळणे ही बातमी झाली होती. ८ एप्रिलला अंबलवन्पोक्कणै इथे दुधाच्या भुकटीसाठी लागलेल्या रांगेवर तोफगोळे पडले. रांगेत बाया आणि मुले होती. ही नोंद संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांनी नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाच्या २०११ च्या अहवालात आहे.

आणि ज्याला ही माणसे दिसलीच नाहीत त्याच सरकारने त्यांच्यासाठी जागा आखून दिल्या होत्या! जानेवारीच्या शेवटी पहिले ‘नो फायर झोन’ जाहीर झाले: इथे या, इथे गोळीबार होणार नाही. लोक तिथे गेले. संयुक्त राष्ट्रांच्या शेवटच्या धान्यताफ्याबरोबर आत अडकलेले काही कर्मचारीही तिथेच थांबले, आपली जागा सैन्याला कळवून. त्याच जागेवर मारा झाला. फेब्रुवारीत दुसरे क्षेत्र, समुद्रकाठची वाळूची एक पट्टी. मेच्या सुरुवातीला तिसरे, त्याहून चिंचोळे. प्रत्येक वेळी माणसे अधिक दाट होत गेली आणि तोफा अधिक जवळ. दवाखान्यांची गत तीच. पुदुकुडियिरुप्पुच्या दवाखान्याची जागा सैन्याला नेमकी ठाऊक होती आणि तो पुन्हा पुन्हा मारला गेला. शेवटी शेवटी डॉक्टरांनाच वाटू लागले की नव्या दवाखान्याची जागा न कळवलेलीच बरी; कळवली तर तिथेच गोळे येतील. छपरावर तांबडा क्रॉस रंगवावा की नाही असा प्रश्न डॉक्टरांना पडावा, यापलीकडे त्या पाच महिन्यांचे वर्णन करायची मला गरज वाटत नाही.

हे सगळे चालू असताना सरकारी भाषेत या लढाईचे नाव होते ‘मानवतावादी मोहीम’ आणि धोरणाचे नाव होते ‘शून्य नागरी जीवितहानी’. युद्ध संपल्यावर त्या डॉक्टरांना पकडून कोठडीत ठेवले, आणि जुलैत पत्रकारांसमोर बसवून त्यांच्याकडून वदवून घेतले की मेलेले सामान्य लोक साडेसहाशे ते साडेसातशे. त्यांच्यातल्या एकाने पुढे परदेशात गेल्यावर सांगितले की हे दबावाखाली बोललो. शून्याचे सातशे झाले, मग २०११ मध्ये सरकारच्याच पुस्तिकेत कबुली आली की जीवितहानी पूर्ण टाळणे अशक्य होते. तज्ज्ञ मंडळाच्या मते मेलेल्यांचा आकडा चाळीस हजारांपर्यंत असू शकतो. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वतःच्याच वागणुकीची तपासणी करून घेतली, त्या अहवालाने सत्तर हजारांहून अधिक बेपत्ता असू शकतात असे म्हटले. सत्तर हजार! सरकारच्या लेखी वन्नीत जेवढी माणसे होती साधारण तेवढीच.

इथे ‘पण लिट्टे?’ हा प्रश्न येतो. यायलाच हवा. लिट्टेने शाळकरी मुलांना पळवून हातात बंदुका दिल्या. ऑक्टोबर १९९० मध्ये उत्तरेतल्या मुसलमानांना, सत्तर हजारांच्या वर माणसांना, काही तासांच्या मुदतीत घरदार सोडायला लावले. तेही तमिळच बोलणारे होते. दोन्ही बाजूंचे गुन्हे लिहून ठेवणाऱ्या, जाफना विद्यापीठात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या रजनी तिरणगम यांना सप्टेंबर १९८९ मध्ये घरी परतताना गोळ्या घातल्या. राजीव गांधींचे सांगायला नकोच. वन्नीत शेवटच्या महिन्यांत पळून जाणाऱ्या आपल्याच लोकांवर लिट्टेने गोळ्या झाडल्या, त्यांना ढाल म्हणून अडवून धरले. हे त्याच तज्ज्ञ मंडळाच्या अहवालात आहे आणि ज्या तमिळ राष्ट्रवाद्यांना ती पाने फाडून उरलेला अहवाल वाचायचा असतो त्यांच्याशी माझे भांडण वेगळे आहे.

पण आपल्याकडे या प्रश्नाचा उपयोग उत्तर मिळवायला होत नाही, विषय संपवायला होतो. लिट्टेने माणसे ओलीस धरली होती, ठीक. मग तर मारलेली माणसे ओलीस होती हे तुम्हीच मान्य करता. वन्नीवरचा निर्णायक मारा सुरू व्हायच्या दोनच महिने आधी मुंबईत ताज आणि ओबेरॉयमध्ये माणसे ओलीस होती. समजा त्या वेळी कुणी अपोलो बंदरावर तोफा आणून ताज पाडला असता, आतल्या माणसांची संख्या मुद्दाम चौथाईवर आणून सांगितली असती, आणि नंतर ‘एकही ओलीस दगावला नाही’ असे जाहीर केले असते, तर दहशतवाद्यांचा नायनाट झाला म्हणून मुंबईने पेढे वाटले असते का? हा प्रश्न मी आजवर अनेकांना विचारला आहे. उत्तर म्हणून बहुतेक वेळा ‘ते वेगळं’ एवढेच येते. वेगळे काय, तर ताजमधली माणसे आपण एकेक करून मोजली.

उलट २००९ नंतर कितीतरी वर्षे आपल्या दिवाणखान्यांत आणि वाहिन्यांवरच्या चर्चांत ‘श्रीलंकेने करून दाखवलं’ हे वाक्य कौतुकाने फिरत होते. करून दाखवलं ते काय? पत्रकारांना बाहेर ठेवायचे, मदत संस्थांना हाकलायचे, नकाशावर सुरक्षित म्हणून वर्तुळ काढायचे आणि माणसे आधी कागदावर मारून ठेवायची. हा नमुना कोणत्याही सरकारला कुठेही वापरता येतो. तो फक्त तमिळांवर चालतो असे ज्यांना वाटते त्यांनी लसंथा विक्रमतुंगे आठवावेत. ‘संडे लीडर’चे हे संपादक सिंहली होते, ८ जानेवारी २००९ ला कोलंबोत भर रस्त्यात सकाळी त्यांना मारले, आणि त्यांच्या खुनासाठी आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही.

राज्याच्या हातातल्या यादीचा त्या देशात आधीही असाच उपयोग झाला होता. जुलै १९८३ मध्ये जाफन्यात लिट्टेने १३ सैनिक मारल्यानंतर कोलंबोत जमाव तमिळ घरे शोधत फिरले तेव्हा त्यांच्या हातात मतदारयाद्या होत्या. वेलिक्कडा तुरुंगात, म्हणजे राज्याच्या कुलपाआड, दोन दिवसांच्या हल्ल्यांत ५३ तमिळ कैदी मारले गेले. (मतदारयादी घेऊन घरे शोधायची ही विद्या पुढच्याच वर्षी दिल्लीत शिखांनी अनुभवली.) त्याआधी १९८१ मध्ये जाफन्याचे ग्रंथालय, सुमारे ९७ हजार पुस्तके आणि हस्तलिखिते, पोलिसांचा शहरात मोठा बंदोबस्त असताना आणि पोलिसांच्याच सहभागाने जळाले. म्हणजे २००९ ही युद्धाच्या धुंदीत घडलेली एखादी घटना नव्हे.

या अंकाच्या वाचकांशी मला भाषेबद्दलही बोलायचे आहे. ईळम तमिळ कविता आणि कथा आता भाषांतरांतून बऱ्यापैकी फिरतात, त्यांच्यावर चर्चासत्रे होतात, आपण ‘विस्थापनाची वेदना’ वगैरे शब्द वापरून त्यांची वाखाणणी करतो. पण आपली वाक्ये कशी असतात पाहा: तोफा डागल्या गेल्या, हजारो मरण पावले, निरपराध युद्धाचे बळी ठरले. कर्मणी प्रयोगाची ही सोय मीही वर एक-दोनदा वापरली आहे, इतकी ती हाताशी असते. ‘बळी’ तर फारच मतलबी शब्द आहे. बळी द्यायला देव लागतो, देणारा लागतो, सुरी लागते. आपण नुसता बळी ठेवतो आणि बाकीचे तिघे वाक्यातून काढून टाकतो. मुळ्ळिवाय्क्कालच्या वाळूवर गोळे आभाळातून पडले नाहीत. श्रीलंकेच्या भूदलाच्या तोफांतून पडले. संरक्षण सचिव गोटाबाया राजपक्षे होते, लष्करप्रमुख सरत फोन्सेका होते, राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे होते. कर्ता लिहिला की कविता बिघडत नाही. लेख तर अजिबात बिघडत नाही.

आता आपल्या कर्त्याकडे येऊ. २७ एप्रिल २००९ ला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी चेन्नईत समुद्रकिनारी उपोषणाला बसले. निवडणुकीचे दिवस होते. श्रीलंकेने जड तोफा आणि विमाने वापरणे थांबवले अशी खबर आली, आणि काही तासांत उपोषण सुटले. त्या काळात कोलंबोच्या हिशेबाने आत दहाएक हजार माणसे उरली होती, संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने सव्वा लाखावर. मारा थांबला नाही. तो आणखी तीन आठवडे चालला. १६ मेला भारतभर मतमोजणी झाली. कुठला मतदारसंघ किती हजारांनी गेला ते आपल्याला दुपारपर्यंत तोंडपाठ होते. त्याच शनिवारी-रविवारी पाल्क सामुद्रधुनीच्या पलीकडे शेवटची पट्टी संपवली जात होती. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. माणसे मोजायची यंत्रणा आणि इच्छा असली की ती किती लवकर मोजून होतात, एवढे लक्षात यावे.

दहाच दिवसांनी, २७ मेला, जिनिव्हाच्या मानवाधिकार परिषदेत एक ठराव आला. चौकशीची मागणी करणारा नव्हे. श्रीलंका सरकारच्या भूमिकेचे स्वागत करणारा. २९ विरुद्ध १२ मतांनी तो मंजूर झाला आणि त्या एकोणतीसांत भारत होता. भारताने पुलमोड्डैला लष्करी रुग्णालय थाटले, जखमींवर उपचार केले, हे खरे आहे आणि नोंदवले पाहिजे. पण एका हाताने मलमपट्टी करायची आणि दुसरा हात मतदानात वर करायचा, याला परराष्ट्र धोरणातला समतोल म्हणतात. पुढे २०१२ आणि २०१३ मध्ये भारताने श्रीलंकेविरुद्धच्या ठरावांना मत दिले, २०१४ मध्ये तटस्थ राहिला, २०२१ आणि २०२२ मध्येही तटस्थ. सरकारे बदलली. कारणे तीच सांगितली गेली: शेजार, चीन, ‘देशविशिष्ट ठरावांना तत्त्वतः विरोध’. चीनची भीती मला समजते. पण तटस्थ राहून चीनला किती रोखता आले, याचा हिशेब हंबनटोटा बंदराकडे पाहून ज्याचा त्याने करावा.

आणि भारताला ठामपणे बोलता येत नाही याचे एक कारण चीनहून जुने आहे. शांतिसेना. मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचे नाव मुंबईकरांना ठाऊक असते, किमान असायला हवे. मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या ८ व्या बटालियनचे, नोव्हेंबर १९८७ मध्ये जाफन्याजवळ लढताना मारले गेलेले, मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी. त्यांच्या शौर्याबद्दल दुमत नाही. पण त्याच्या महिनाभर आधी, २१ ऑक्टोबर १९८७ ला, दिवाळीच्या दिवशी, भारतीय सैन्य जाफन्याच्या सरकारी रुग्णालयात शिरले. वॉर्डांत आणि क्ष-किरण विभागात रुग्ण, परिचारिका, डॉक्टर मारले गेले. साठ ते सत्तर माणसे. दुसऱ्या दिवशी हात वर करून, आम्ही डॉक्टर आहोत असे सांगत पुढे आलेल्या डॉक्टरवरही गोळी झाडली गेली. आपली अधिकृत बाजू अशी की आतून लिट्टेने गोळीबार केला आणि माणसे दोन्हींच्या माऱ्यात सापडली. लिट्टेचे लोक रुग्णालयाच्या आवारात शिरले होते आणि त्यांना निघून जायची विनवणी तिथल्या डॉक्टरांनीच केली होती, हे रजनी तिरणगम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमवलेल्या साक्षींतही येते. पण लिट्टेचे लोक निघून गेल्यानंतर, रात्रभर, खाटेखाली लपलेल्यांवर झालेल्या गोळीबाराचे काय, याचे उत्तर त्या अधिकृत बाजूत नाही. ऑगस्ट १९८९ मध्ये वल्वेट्टितुरैला शांतिसेनेने पन्नासहून अधिक गावकरी मारले. दवाखान्यात शिरायचे आणि नंतर ‘आत दहशतवादी होते’ म्हणायचे, ही २००९ ची कोलंबोची भाषा १९८७ मध्ये आपण बोलून चुकलो होतो. परमेश्वरन यांचे नाव पाठ करणाऱ्या पिढीला जाफना रुग्णालयाचे नाव कुठल्याच पुस्तकात भेटत नाही. या घटनेची खुली न्यायालयीन चौकशी भारताने करावी, ही मागणी जिनिव्हात करावी लागत नाही. ती दिल्लीत करता येते, आणि ती तमिळनाडूबाहेरून आली तर तिला वजन येईल.

श्रीलंकेतल्या आयोगांबद्दल फार लिहीत नाही. आयोगाचा अहवाल येतो आणि पुढे काहीच होत नाही म्हणजे काय, हे श्रीकृष्ण आयोग पाहिलेल्या महाराष्ट्राला दुसऱ्या कुणी शिकवायला नको. एक मात्र सांगतो. जानेवारी २०११ मध्ये मन्नारचे बिशप रायप्पु जोसेफ सरकारने नेमलेल्या आयोगापुढे गेले आणि त्यांनी सरकारचेच आकडे मांडले. ऑक्टोबर २००८ ला मुल्लैतीवू आणि किळिनोच्ची या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या, तिथल्या प्रशासनाच्या दप्तराप्रमाणे, ४,२९,०५९. बाहेर आले २,८२,३८०. वजा करा: १,४६,६७९. बिशप म्हणाले नाहीत की एवढे मेले. त्यांनी विचारले, यांचे काय झाले? आकडा चुकीचा असेल तर सरकारने बरोबर आकडा द्यायचा होता, नावानिशी, गाववार. २०२१ मध्ये बिशप वारले. उत्तर आलेले नव्हते.

जे थोडे खटले शेवटाला गेले त्यांचे काय झाले तेही पाहा. डिसेंबर २००० मध्ये मिरुसुविलला आपली घरे पाहायला परतलेल्या आठ तमिळांना सैनिकांनी मारून पुरले. त्यांत पाच वर्षांचे एक मूल होते. पंधरा वर्षांनी, २०१५ मध्ये, एका सार्जंटला फाशीची शिक्षा झाली, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मार्च २०२० मध्ये, सगळे जग करोनाच्या टाळेबंदीत असताना, राष्ट्राध्यक्ष झालेल्या गोटाबायांनी त्याला माफी देऊन सोडले. त्याच वर्षी जानेवारीत त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीला सांगितले होते की बेपत्ता माणसे खरे तर मेलेली आहेत. कुठे, कुणाच्या ताब्यात, कोणत्या तारखेला, ते नाही सांगितले. किळिनोच्चीत फेब्रुवारी २०१७ पासून रस्त्याकडेला बसलेल्या आयांनी युद्धाच्या शेवटी मुले सैन्याच्या हवाली केली होती, बसमध्ये चढताना पाहिली होती. त्या मृत्यूचा दाखला घ्यायला नकार देतात, कारण दाखला घेतला की हिशेब मिटला. बसून बसून त्यांतल्या कित्येक वारल्या. जाफन्याजवळ चेम्मणीला २०२५ मध्ये पुन्हा खणायला सुरुवात झाली आणि दोनशेहून अधिक सांगाडे निघाले, लहान मुलांचेही; एकाजवळ शाळेचे दप्तर होते. तिथे शेकडो प्रेते पुरली आहेत असे एका शिक्षा झालेल्या सैनिकाने १९९८ मध्येच कोर्टात सांगितले होते.

दर मे महिन्यात उत्तर आणि पूर्व श्रीलंकेत तमिळ लोक मुळ्ळिवाय्क्कालची पेज रांधून येणाऱ्या-जाणाऱ्याला देतात. २०२२ मध्ये, राजपक्षेंविरुद्धचे आंदोलन चालू असताना, कोलंबोत गॉल फेसवरही ती वाटली गेली आणि सिंहली तरुणांनी ती प्यायली. २०२४ च्या मेमध्ये मात्र त्रिंकोमलीजवळ संपूरला पेज वाटल्याबद्दल पोलिसांनी रात्री घरात शिरून बायकांना अटक केली. त्यांना जामीन मिळायला काही दिवस जावे लागले. त्या पेजेत तांदूळ, पाणी आणि मीठ एवढेच असते. सत्तर हजारांच्या हिशेबाने पाठवलेले धान्य संपल्यावर आतल्या लोकांजवळ शेवटी तेवढेच उरले होते.